पेशी सुट्या करून दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

‘पेशींचं आसंजन’ या प्रश्नाला परीक्षेत मला बरे गुण मिळाले होते. पण पेशी एकमेकींना धरतात म्हणजे काय करतात, हे कळलं ते तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून हे जाहीर आभार.

झेनोपस बेडकाच्या भ्रूणाचं आवरण चिमट्याने सोलून तुम्ही भ्रूणाच्या वरच्या भागाचा, म्हणजे ‘टोपी’चा, तुकडा कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात ठेवलात. "आता नुसतं बघ," म्हणालात. आतल्या पेशी हळूहळू एकमेकींपासून सुटून गोल झाल्या. वरचा गडद थर मात्र सलगच राहिला. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हा हट्टी थर मी तरी कधी पाहिला नव्हता! त्याच्या पेशींमधले सांधे जास्त घट्ट असतात, हे तुम्ही तो थर बाजूला काढता काढताच सांगितलंत. मग कॅल्शियम परत घातलं आणि सुट्या पेशींचा गोळा जमू लागला. बशीच्या तळाला अॅगारोज, म्हणजे जेलीसारखा पदार्थ, का लावायचा, तेही तेव्हाच उमगलं: नाहीतर पेशी तळालाच चिकटून बसतात.

टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांचा 1955 चा शोधनिबंध तुम्ही त्यानंतर हातात दिलात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. उभयचरांच्या पेशी त्यांनी अल्कधर्मी द्रावणात सुट्या केल्या आणि भावी त्वचेच्या व चेतापट्टाच्या (ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) पेशी एकत्र केल्या. आधी सगळी सरमिसळ. मग पेशींनी आपापली जागा घेतली: त्वचेच्या पेशी बाहेर, चेतापट्टाच्या पेशी आत. मध्यस्तराच्या (भ्रूणाच्या मधल्या थराच्या) पेशी घातल्या की त्या दोन्हींच्या मधे. बशी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे एकेक वाक्य पटत गेलं.

कॅडहेरिनचं कोडंही तुम्हीच सोडवून दिलंत. हे प्रथिन पेशीच्या पटलातून बाहेर डोकावतं, कॅल्शियममुळे ताठ राहतं आणि शेजारच्या पेशीवरच्या कॅडहेरिनला धरतं. आतल्या बाजूला कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत ते पेशीच्या सांगाड्यातल्या अॅक्टिनच्या तंतूंशी जोडलेलं असतं. चेतापट्ट वळून झालेली चेतानलिका त्वचेपासून सुटते तेव्हा तिच्या पेशींवर एन-कॅडहेरिन असतं, त्वचेच्या पेशींवर ई-कॅडहेरिन. तरी नुसत्या प्रकारावर भागत नाही, त्याचं प्रमाण आणि पेशीच्या कडेवरचा ताणही बघावा लागतो, असं तुम्ही बजावलं होतंत. सोपं उत्तर देऊन मोकळं होणं तुम्हाला सहज जमलं असतं. तसं केलं नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त.

भुवईच्या केसाची तुमची ती सुई अजून माझ्याकडेच आहे. हवी असेल तर सांगा. नवी करून पाठवते, ही नाही देणार.

तुमची,
एक विद्यार्थिनी