शिमग्याला येत नाहीये, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी थंडी किती आहे ते विचारलं असतं. म्हणून लिहायला बसले. यंदा मी शिमग्याला येत नाहीये. बंदरातल्या हिवाळी पाळ्यांची जबाबदारी आता माझ्याकडे आलीय आणि मी हो म्हणून मोकळी झालेय. तुम्हाला आधी विचारलं असतं तर "घे, घे" म्हणाला असतात आणि मग दोघंही चार दिवस धड जेवला नसतात. म्हणून नाही विचारलं.

बाबा, तुम्ही मागे म्हणालात, नदीच गोठते तर तुमचं काम काय उरतं? पूर्वी तसंच होतं. आपलं दाभोळ पावसाळ्यात बंद, तसं हे कॅनडातलं मॉन्ट्रियल हिवाळ्यात बंद. होड्या शाकारून लोक घरी बसतात तसेच इथलेही बसायचे. 1964च्या जानेवारीत 'हेल्गा डॅन' नावाचं डॅनिश जहाज बर्फातून वाट काढत इथवर आलं आणि तेव्हापासून बंदर बारमाही झालं. समुद्रापासून 1,600 किलोमीटर आत, सेंट लॉरेन्स नदीवर, आणि भर जानेवारीत कंटेनरची जहाजं लागतात! तटरक्षक दलाच्या बर्फफोड्या बोटी मधला मार्ग मोकळा ठेवतात. खाली सेंट पीटर नावाचं एक उथळ, रुंद सरोवर आहे, तिथे काठाकाठाचा बर्फ जागेवर धरून ठेवायला पाण्यावर तरंगते अडसर टाकलेले असतात. तो बर्फ सुटून मार्गात आला की तुंबलाच. म्हणून तिथून जाताना जहाजांनाही वेग कमी करायला लावतात, लाटांनी काठचा बर्फ फुटू नये म्हणून.

माझं काम मात्र धक्क्यावरचं. जहाज लागायच्या आधी धक्का आणि जहाज यांच्या फटीत अडकलेला बर्फ टगच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीच्या, पंख्याने ढकलून काढायचा, नाहीतर जहाज टेकतच नाही. दोर लाकडासारखे कडक होतात. खुंट्यांवरचा बर्फ फोडा, धक्क्यावर खडी-मीठ टाका, माणसं आळीपाळीने आत पाठवून गरम करा. फार थंडीच्या रात्री पाण्यात बर्फाच्या बारीक सुया तयार होतात आणि नदी तांदळाच्या पेजेसारखी दाट दिसते. ती पेज जहाजाच्या इंजिनाला थंड करणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाऊन बसते. मला हे सगळं आवडतं, आई. नाइलाज म्हणून करत नाहीये, हे तुला कळायला हवं.

मग मार्चातच का नाही सुट्टी, हा बाबांचा पुढचा प्रश्न. कारण मार्चच सगळ्यात वाईट. आमच्या समोरच्या काठावर सेंट लॅम्बर्टचं लॉक आहे, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाजं वर-खाली करणारा दरवाज्यांचा हौद, तिथून वर मोठ्या सरोवरांकडे जाणारा जलमार्ग सुरू होतो. तो मात्र अजूनही हिवाळ्यात बंद असतो. लॉकमधलं पाणी उपसून दरवाज्यांची दुरुस्ती चालते आणि मार्च संपता संपता तो उघडतो. त्याच सुमारास बर्फ सुटायला लागतो. लहान नद्यांच्या मुखांशी तो तुंबून पूर येऊ नये म्हणून हॉवरक्राफ्ट त्यावरून फिरवतात. हवेवर चालणारी बोट बर्फ फोडते हे बाबांना बघायला फार आवडेल, व्हिडिओ पाठवेन. मागोमाग ओटावा नदीचं बर्फाचं पाणी येतं आणि पातळी चढायला लागते. 1886 साली असाच बर्फ तुंबून शहराचा सखल भाग पाण्यात गेला होता. 2017 आणि 2019 लाही आजूबाजूची गावं बुडाली. अशा वेळी नवीन प्रमुख पालखी नाचवायला कोकणात गेली, हे बरं दिसणार नाही. पैशाचंही आहेच, खोटं कशाला बोलू. पण फक्त पैशाचं नाही.

आई, माझी काळजी करू नकोस. केबिन इतकी गरम असते की स्वेटर काढून बसावं लागतं. बूट उणे चाळीसपर्यंत चालतात असं त्यावर लिहिलंय. तांदळाचं पीठ इथे मिळतं, भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही पण खाण्यासारखी होते. तू दिलेली आमसुलं पुरवून पुरवून वापरतेय. रात्रपाळीहून आले की सार करून पिते आणि झोपते.

काल वरिष्ठांनी विचारलं, वादळाच्या इशाऱ्याचं तुला इतकं कसं कळतं? मी काय सांगणार. बाबा, तीन नंबरचा बावटा चढवायला तुम्ही पावसात निघालात की मी मागे लागायची. मग मला रेनकोटाच्या आत घ्यायचात आणि दोरीचं टोक माझ्या हातात द्यायचात. होड्या खाडीत परत शिरल्या की मला वाटायचं, मीच बोलावल्या. आई दारात ओरडायची, पोरीला न्युमोनिया होईल. झाला नाही कधी.

आता नीट ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन शिमग्यानंतर करायचं म्हणजे करायचं, "आंबे उतरू देत" हे चालणार नाही. दादा दोन दिवस आधी येतोय, गाडी त्यानेच ठरवलीय. एसटीने दापोलीला जायचं नाही. डोळ्यांत थेंब आई घालेल, बाबांनी स्वतः आरशात बघून घालायचे नाहीत. कौलं चाळायला माणूस लावा, बाबांनी शिडीला हात लावायचा नाही. हा हुकूम समजा. बाथरूममध्ये धरायची दांडी आणि गिझर बसवायला पुढच्या आठवड्यात माणूस येईल, त्याला परत पाठवू नका, पैसे दिलेत. आई, रक्तदाबाची गोळी सकाळी. बरं वाटलं की बंद करायची गोळी नाहीये ती.

आणि बाबा, काठी. इथे नवीन वर्षात समुद्राकडून थेट येणारं पहिलं जहाज धक्क्याला लागलं की त्याच्या कप्तानाला सोन्याच्या मुठीची काठी देतात. पहिल्या जहाजाच्या कप्तानाचा मान करायची रीत 1840 पासूनची आहे. तो धडधाकट माणूस ती घेऊन ऐटीत फोटो काढतो. तुम्ही डॉक्टरांनी दिलेली काठी दारामागे लपवता. बाजारात जाताना ती हातात हवी. फोटो पाठवा, मी इथे सगळ्यांना दाखवेन.

पालखी आली की आई नेहमीसारखी ओटी भर, माझ्या वाटचा नारळ वेगळा ठेव. सोलकढी जास्त कर, मुंबईची मंडळी येतील. घर रिकामं राहणार नाही. गणपतीला मी येतेय. रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय, तेव्हा नदी शांत असते.

तुमची
बाय

ता. क. ऑपरेशनची तारीख पक्की झाली की आधी मला कळवा, काकांना नंतर. काकांना आधी सांगितलंत तर धोपाव्याच्या फेरीबोटीवर सगळ्यांना कळेल आणि मला सगळ्यात शेवटी.