ॲसिडिटीचे ऑपरेशन: आधी दोन तपासण्या मागा

मा. संपादक,
स. न.

छातीतली जळजळ ‘कायमची बंद’ करून देणाऱ्या जाहिराती सांगली-मिरजेत दिसू लागल्या आहेत. ऑपरेशन चांगले आहे, योग्य रुग्णाला त्याने खरा आराम पडतो. पण रुग्ण योग्य आहे की नाही हे नुसत्या एंडोस्कोपीवरून (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीवरून) ठरत नाही.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडली, किंवा छाती-पोटामधल्या पडद्याचे भोक रुंदावून जठर वर सरकले (हायटस हर्निया), की आम्ल घशाशी येते (रिफ्लक्स). त्यावरच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे फंडोप्लिकेशनमध्ये, पोटावरच्या चार-पाच छिद्रांतून जठर खाली ओढतात, अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ताण न पडता पोटात राहील एवढी ती मोकळी करतात, पडद्याचे भोक टाक्यांनी लहान करतात आणि जठराचा वरचा भाग मागून आणून अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. पूर्ण वेढा म्हणजे निसेन, पाऊण वेढा म्हणजे टुपे. वेढा सैल आणि साधारण दोन सेंटिमीटरच हवा. घट्ट झाला तर घास अडकतो. अन्ननलिका सोडून जठरावरच बसला, तर जळजळही राहते आणि गिळायलाही त्रास होतो.

म्हणून आधी मॅनोमेट्री हवी. अन्ननलिका घास खाली ढकलते की नाही, हे त्यात दाबावरून कळते. अकॅलेशिया या आजारात झडप उघडतच नाही, अन्न वर साचून आंबते आणि रुग्ण त्यालाच ॲसिडिटी म्हणतो. अशा माणसाला वेढा घातला तर पाणीही उतरणार नाही. दुसरी तपासणी २४ तासांची पीएच, म्हणजे अन्ननलिकेतल्या आम्लाची मोजणी (पीएच जितका कमी, तितके आम्ल जास्त). सात दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या बंद ठेवून नाकातून बारीक नळी घालतात, तिचे टोक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर असते. पीएच चारच्या खाली राहण्याचा वेळ सहा टक्क्यांहून जास्त आला तर रिफ्लक्स पक्का. चार टक्क्यांच्या आत असेल तर जळजळीचे कारण बहुधा दुसरे आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा (ग्रेड सी किंवा डी) दिसल्या तर पीएच टाळता येते. मॅनोमेट्री मात्र टाळू नये.

गोळ्यांनी गुण येत नाही म्हणून ऑपरेशन, हा हिशेब फसवा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशाच ३६६ रुग्णांची छाननी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४२ जणांना ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारे औषध) २० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणाआधी, नीट घेतल्यावरच बरे वाटले. ९९ जणांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच निघाला नाही. इतर कारणांनीही काही गळाले, आणि ऑपरेशन व औषधे यांची तुलना करणाऱ्या चाचणीसाठी शेवटी ७८ उरले. त्यांतल्या ऑपरेशन झालेल्या २७ पैकी १८ जणांना वर्षभराने चांगला गुण होता, औषधांच्या गटांपेक्षा कितीतरी जास्त. छाननी काटेकोर होती, तिथे ऑपरेशन जिंकले.

तोंडातून, पोटावर छेद न घेता होणाऱ्या उपचारांत टीआयएफ हा जठराचा भाग आतून टाचण्याचा प्रकार आहे. हर्निया दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर तो एकट्याने पुरत नाही, कारण पडद्याचे भोक तसेच राहते. स्ट्रेटामध्ये झडपेच्या स्नायूला रेडिओलहरींची उष्णता देतात. त्याचे पुरावे उलटसुलट आहेत, आमच्या मते त्यावर मोठा खर्च करू नये. वजन फार असेल तर गॅस्ट्रिक बायपासचा (जठर लहान करून आतड्याला जोडण्याच्या, वजन कमी करणाऱ्या ऑपरेशनचा) विचार व्हावा. स्लीव्ह या वजनाच्या दुसऱ्या ऑपरेशनने (जठराचा मोठा भाग कापून नळीसारखे करणे) रिफ्लक्स वाढू शकतो.

ऑपरेशननंतर वेढ्याला सूज असते. आधी पातळ, मग तीन-चार आठवडे मऊ: भाताची पेज, मुगाचे वरण, कुस्करलेली खिचडी. भाकरी, कोरडी चपाती, पाव, मटणाचे तुकडे, भडंग नको. सोडाही नको, कारण ढेकर सहज येत नाही आणि पोट फुगते. उलटीचा जोर लागला तर टाके सुटून वेढा छातीत सरकू शकतो, म्हणून मळमळीचे औषध वेळेवर द्यावे. उसाची मोळी, पाठीवरचा फवारणी पंप, खताचे पोते सहा आठवडे उचलू नये. गिळताना थोडे अडकणे दीड-दोन महिन्यांत कमी होते. पाणीच उतरेना किंवा छातीत अचानक तीव्र दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

‘कायमचे’ हा शब्द जाहिरातीतून काढावा. स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांच्या नोंदींत १७.७ टक्क्यांना पुढे पुन्हा रिफ्लक्सचे उपचार लागले, बहुतेकांना गोळ्या, काहींना दुसरे ऑपरेशन. दुसऱ्या वेळी चिकटलेल्या भागात काम करावे लागते, ते अवघड जाते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर वेढा पूर्ण की पाऊण, भोक टाक्यांनी शिवले की जाळी लावली, हे रुग्णालयांनी स्पष्ट लिहावे आणि मॅनोमेट्री व पीएचच्या अहवालांच्या प्रती रुग्णाच्या हाती द्याव्यात.

आपले,
पोटविकारांवर काम करणारे दोन शल्यचिकित्सक, मिरज