साठच्या कॅसेटनं केलेला घोळ

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॅसेटच्या जमान्यावर लेख आला होता, त्यात म्हटलंय की तेव्हा आपण गाणी मन लावून पूर्ण ऐकायचो आणि आत्ताची पोरं अर्ध्यात पुढं ढकलतात. वाचून हसू आलं, कारण माझं नेमकं उलटं झालंय.

१९९४ ला मामेभावानं पुण्याहून एक कॅसेट भरून आणली, 'कॅन' नावाच्या जर्मन बँडचा 'टागो मागो', १९७१ चा अल्बम. असल्या म्युझिकला क्राउटरॉक म्हणतात, म्हणजे जर्मनांना त्यांच्या आंबट कोबीवरून चिडवायचं, कोल्हापूरच्या बँडला रस्सारॉक म्हटल्यासारखं. तर आम्ही चौघं माडीवर बसलो. पहिली तीन गाणी बरी गेली, चौथं सुरू झालं आणि ड्रमवाल्यानं एक ठेका धरला तो सोडायलाच तयार नाही, आता काहीतरी होईल, आता होईल म्हणतोय तोवर खट्, साईड संपली. उलटी घातली तर एक माणूस विहिरीत बसून ॐ म्हणतोय का विव्हळतोय तेच कळेना, आणि ते संपतं न संपतं तोवर दुसऱ्याची कसलीतरी बडबड. खालून आबा ओरडले, "रीळ अडकलंय बघ रे, पेन्सिल घालून फिरव!" झालं, तिथंच बँडचा निकाल लागला आणि पुढची तीस वर्षं कुणी विषय काढला की मी हाच किस्सा सांगायचो.

परवा मुलाच्या फोनवर तो अल्बम दिसला म्हणून लावला आणि डोक्यात प्रकाश पडला. मूळ अल्बम दोन रेकॉर्ड्सचा, ७३ मिनिटांचा, आणि आमची कॅसेट ६० मिनिटांची, एका साईडला तीस! ते चौथं गाणं 'हॅलेलुवाह' साडेअठरा मिनिटांचं आहे, आमच्या वाट्याला त्यातली ११ आलेली. दुसऱ्या साईडला अल्बममधली सगळ्यात विचित्र दोन गाणी बरोबर २९ मिनिटांत बसली, आणि शेवटचं 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी' तर आलंच नाही. म्हणजे एवढा सगळा तमाशा करून शेवटी ते लोक शांतपणे चहा-कॉफी मागतात आणि आम्हाला त्याचा पत्ताच नाही.

गंमत अशी की हा अल्बम मुळात कापाकापीतूनच झालाय. कोलोनजवळच्या नॉरव्हेनिखच्या गढीत ही मंडळी तासन् तास वाजवत बसायची आणि बास वाजवणारा होल्गर चुकाय, जो स्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराचा विद्यार्थी, तो टेपचे तुकडे करून जोडायचा. गायक दामो सुझुकी जपानी, म्युनिकच्या रस्त्यावर गाताना यांना सापडला आणि त्याच संध्याकाळी स्टेजवर उभा केला. चुकायनं विचार करून कापलं, आमच्या भावानं टेप संपली म्हणून कापलं, एवढाच फरक.

आणि तो ड्रमवाला, याकी लीबेत्साइट. आधी फ्री जॅझ वाजवायचा, म्हणजे ठरलेला ठेका न धरता मोकळं वाजवायचं, ते सोडून या एकाच ठेक्यावर आला. चौविशीत मला वाटलं याला दुसरं काही येत नाही. अहो पण आमच्या खासबाग मैदानात कुस्ती लागल्यावर हलगी दुसरं काय करते? तोच ठेका, साथीला घुमकं खालनं धरून, कैताळ वरनं, आणि पैलवान नुसते हात धरून उभे असले तरी आपण कधी उठून उभं राहिलो ते कळत नाही. तिथं कुणी म्हणतं का की हलगीवाल्यानं जरा वेगळं वाजवावं? हे लहानपणापासून कानात असून मला जर्मनाच्या ड्रममध्ये ऐकू आलं नाही. शेवटच्या सात मिनिटांत तर तो ठेका असा काय चढतो की मी रंकाळ्यावर चालता चालता दोन फेऱ्या जास्त मारल्या.

सगळंच आवडलं असं मात्र नाही. 'पीकिंग ओ', ते बडबडीचं गाणं, तेव्हाही डोकं उठवायचं, आजही उठवतं, साडेअकरा मिनिटं कशाला ते चुकायलाच माहीत. लेखकानं कॅसेटचं कौतुक जरूर करावं, पण 'पूर्ण' हा शब्द तेवढा काढावा.

ती साठची अजून कपाटात आहे. मुलगा टाकून द्या म्हणतोय. भावाला फोन केला, तर तो म्हणतो नव्वदची महाग होती रे.

— आपला एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर