डावा हात खिशात

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नागपुरात बर्डीच्या बोळात इन्व्हर्टर आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करणारे तुम्ही, आणि मे महिन्यातल्या भर दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यात अर्धवट घड्याळ घेऊन आलेला मी. ओळखलंत ना?

त्याआधी दोन दुकानं झाली होती. एक म्हणाला, "दोनशे रुपयात डिजिटल घड्याळ भेटते, कायले डोकं लावून राहिले?" दुसऱ्याने खोकं आठ दिवस ठेवून घेतलं आणि "आयसी उडाली" म्हणून परत दिलं. घरी येऊन पाहतो तर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी! येत नाही म्हणणारा मला चालतो हो. न उघडताच रोग सांगणाऱ्याचा अजून राग येतो.

तुम्ही आधी घड्याळाची काचेची, निऑन वायू भरलेली नळी उजेडाकडे धरलीत. आतले तारेचे दहा आकडे, एकामागे एक उभे, पोरासारखे निरखलेत. "निक्सी! जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरात पाहिल्या होत्या." मग माझं रडगाणं ऐकलंत. बारा व्होल्टचे १८० होतात, पण चारही नळ्या जोडल्या की ११० वर घसरतात, आणि डायोडला, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या त्या भागाला, बोट लागलं तर चटका बसतो. निऑन पेटायलाच १७० च्या आसपास लागतात, म्हणजे सगळं अंधारात.

मी मीटरच्या दोन्ही पिना दोन हातांत घेऊन वाकलो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. काळी पिन माझ्या हातातून काढून मगरचिमट्याने ग्राउंडला लावलीत, माझा डावा हात मनगटाला धरलात आणि माझ्याच पँटच्या खिशात घातलात. "आता मोजा. एका हातानं लागला तर बोट भाजते. दोन हातांनी लागला तर छातीतून जाते."

महिनाभर मी त्या बोर्डावर दोन्ही हातांनी झटत होतो. इतक्या व्हिडिओंमधून कुणी माझा हात धरला नव्हता. बाबा गेल्यापासून तर कुणीच नाही.

दोष सापडायला पाच मिनिटं लागली. मी साधा ४००७ डायोड लावला होता. "हा पन्नास सायकलचा गडी, तुमी त्याले सेकंदाले हजारो फेऱ्या पळवून राहिले. बंद व्हायलाच वेळ भेटत नाही त्याले, तापणारच." झटकन बंद होणारा यूएफ ४००७ लावलात आणि दुकानातली ट्यूबलाइट विझवलीत. पहिला आकडा नारिंगी पेटला. बाहेर कूलरवालं गिऱ्हाईक "झालं का हो" करत होतं, आणि तुम्ही "थांबा ना बाप्पा, पाहू द्या" म्हणालात.

घेतलेत किती, तर डायोडचे पाच रुपये.

घड्याळ आता सागवानी खोक्यात बसलंय. या नळ्यांतला पाच म्हणजे उलटा केलेला दोनच आहे, हे त्या दिवशी दाखवायचं राहिलं. शनिवारी घेऊन येतो. १७:५५ ला दुकानातच थांबा, दोन पाच शेजारी दिसतील.