सूचना : रविवारची मुलांची पंगत

सर्व पालक सदस्यांना नमस्कार.

रविवारी दुपारी १२ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांची पंगत आहे. बेत गोळाभात, कढी, पालकाची पातळ भाजी, पोळी आणि संत्र्याच्या फोडी. गोळाभातावर घ्यायचं फोडणीचं तेल मुलांसाठी बिनतिखटाचं, वेगळं ठेवू. साधं वरण-भातही असेल.

अकरानंतर दूध, बिस्किटं, ज्यूस देऊ नका; पाणी चालेल. एरवीही एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको. भूक मरते, लोहही कमी पडतं.

पानात काय वाढायचं ते आपण ठरवू, किती खायचं ते लेकरू ठरवेल. मागे ताट घेऊन धावणं नाही, मोबाईल नाही. (आजी-आजोबांनाही कृपया सांगून ठेवा, खरी परीक्षा तिथेच आहे!) ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ म्हटलं की भाजी शिक्षा वाटू लागते. नवी भाजी चमचाभरच वाढू, शेजारी ओळखीचा भात. मुलाने भाजीत नुसतं बोट बुडवून चाटलं तरी पुष्कळ झालं. नवा पदार्थ आवडायला तो आठ-दहादा, कधी पंधरादाही समोर यावा लागतो. आपण मात्र तिसऱ्यांदाच ‘याला आवडतच नाही’ म्हणून मोकळे होतो.

शेंगदाणे, फुटाणे लहानांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. संत्र्याच्या बिया काढूनच द्या.

वजन वाढत नसेल किंवा गिळताना सारखा ठसका लागत असेल, तर ते नखरे समजू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कुणाला शेंगदाणा, दूध वा कशाचीही ॲलर्जी असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.