ग्रब रेस्क्यू म्हणजे मदरबोर्ड गेला नव्हे

परभणी,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो मिळाला, अन् त्याखालचा निरोपही: "दुकानदार म्हणायलाय मदरबोर्ड गेला, उद्या नेऊन टाकतो." नेऊ नको. मदरबोर्ड गेलेलं मशीन एवढं बोलत नसतं. फोटो तिरका काढलायस, तरी दोन ओळी स्वच्छ वाचता येतात: ‘एरर: नो सच पार्टिशन’ (डिस्कचा हवा तो भागच सापडत नाही) अन् तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’. ग्रब म्हणजे लाइनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. म्हणजे प्रोसेसर चालतोय, रॅम ठीक आहे, डिस्कही वाचली जातेय. अडलंय ते पुढंच. हे सगळं फोनवर सांगत बसलो असतो तर तुझी रेंज मधीच गेली असती, म्हणून निवांत लिहायला घेतलं. कमांडी स्पेलिंगसकट वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडल्यात. इथं फक्त काय करायचं अन् कशासाठी, तेवढंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. मशीन सुरू होत नाही म्हटलं की जो तो दोनच उपाय सांगतो: फॉरमॅट मार, नाहीतर पार्ट बदल. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! परळीहून निघालेली गाडी परभणीला आली नाही तर आपण काय विचारतो? कुठं अडली, गंगाखेडच्या अलीकडं की पलीकडं? इथंही तेच विचारायचं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चार टप्पे असतात. पहिला बायोसचा, म्हणजे बोर्डावरच्याच पक्क्या प्रोग्रामचा; नव्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय, अन् जुन्या पद्धतीला लेगसी म्हणतात. दुसरा ओएस शोधून सुरू करणाऱ्या बूटलोडरचा, म्हणजे आपल्याकडं ग्रब. तिसरा कर्नल, म्हणजे लाइनक्सचा गाभा, अन् त्याच्या जोडीनं येणारा इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइलव्यवस्था. चौथा सिस्टमडीचा, जो बाकीच्या सर्व्हिसेस सुरू करून शेवटी लॉगिनची खिडकी आणतो. स्क्रीनवर शेवटी काय उमटलं त्यावरून अडलेला टप्पा कळतो. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर पहिला. ग्रबचं नाव दिसलं तर दुसरा. कंसात ‘इनिटरॅमएफएस’ किंवा ‘कर्नल पॅनिक’ दिसलं तर तिसरा. ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ म्हणालं तर चौथा. एवढं ओळखलं की पुन्हा इन्स्टॉल करायची पाळी सहसा येत नाही.

आता तुझ्या मशीनचं. तू आधी मिंट (लाइनक्सचाच एक प्रकार) जुन्या ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर विंडोजच्या शेजारी टाकलंस. ते रेंगाळायला लागलं म्हणून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणलीस (हे झकास केलंस, तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला याच्याइतका दुसरा उतारा नाही) अन् तिच्यावर मिंट नव्यानं टाकलंस. मग जागा मोकळी करायला विंडोजमध्ये जाऊन हार्डडिस्कवरचं लाइनक्सचं पार्टिशन उडवलंस. त्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला हे आलं, बरोबर ना?

झालं असं. जुन्या लेगसी पद्धतीत डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी, अन् शेवटचे दोन खुणेचे. ४४६ बाइटांत अख्खा ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून त्याचा एक तुकडा तिथं बसतो, दुसरा त्याच्या लगतच्या मोकळ्या जागेत, अन् मेनू, मॉड्यूल असला सगळा पसारा लाइनक्सच्या पार्टिशनमधल्या बूट फोल्डरात. तू पार्टिशन उडवलंस, पण डिस्कच्या तोंडाशी बसलेले ते दोन तुकडे तसेच राहिले. बायोस अजून हार्डडिस्कलाच पहिला मान देतोय. ते तुकडे जागे होतात, पसारा शोधतात, पार्टिशनच सापडत नाही, अन् रेस्क्यूवर येऊन थांबतात. एसएसडीवरचं तुझं मिंट या भानगडीत कुठंच नाही. ते धडधाकट असणार.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा अन् बिनधोक्याचा. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोसमध्ये जा, बूटच्या पानावर एसएसडीला पहिला नंबर दे. इथं एक मेख आहे. तुझ्यासारख्या जुन्या बोर्डांवर बूटच्या यादीत एकच हार्डडिस्क दिसते, अन् माणूस म्हणतो एसएसडी पकडतच नाही. त्याच पानावर खाली ‘हार्ड ड्राइव्ह प्रायोरिटीज’ असलं काहीतरी वेगळं दार असतं. त्यात शिरून एसएसडी वर आणायची, मग ती मुख्य यादीत येते. एफ१० नं सेव्ह कर. मिंट उघडलं तर प्रश्न मिटला.

नाही उघडलं, तर समजायचं की इन्स्टॉल करताना ग्रब एसएसडीवर बसलाच नाही. इन्स्टॉलरमध्ये खालच्या बाजूला बूटलोडर कुठल्या डिस्कवर टाकायचा ते विचारणारी एक चिंचोळी पट्टी असते, अन् तिच्यात बहुतेक वेळा पहिली डिस्कच आधीपासून निवडलेली असते. तिच्याकडं कुणी बघत नाही. मग हार्डडिस्क परत पहिली कर अन् त्याच रेस्क्यूच्या ओळीवर कागदावरची पहिली कमांड दे, नुसतं ‘एलएस’. उत्तरात कंसातली नावं येतील: एचडी०, एचडी०,एमएसडॉस१, एचडी१ अशी. ग्रबचा हिशेब जरा तऱ्हेवाईक आहे, डिस्क शून्यापासून मोजतो अन् पार्टिशन एकपासून. एसएसडीच्या पार्टिशनचं नाव ‘एलएस’ पुढं देऊन शेवटी स्लॅश मारलास अन् बूट, ईटीसी, होम अशी फोल्डरं दिसली, की मुक्काम सापडला. मग ‘प्रिफिक्स’ अन् ‘रूट’ (ग्रबनं आपला पसारा कुठं शोधायचा ते सांगणाऱ्या दोन सेटिंगा) त्या जागेवर लावायचे, ‘नॉर्मल’ मॉड्यूल चढवायचं अन् ‘नॉर्मल’ म्हणायचं. मेनू येईल. हे तात्पुरतं आहे हं, मशीन बंद केलं की विसरणार. म्हणून मिंट उघडल्या उघडल्या टर्मिनलमधून ग्रब एसएसडीवर बसवून घे. तिथं डिस्कचं नाव नुसतं द्यायचं, पुढं पार्टिशनचा आकडा लावायचा नाही.

अन् ‘एलएस’ला नुसतंच एचडी१ आलं, त्याच्या पुढं पार्टिशनच नाहीत, तर घाबरू नको. एसएसडीवर जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचा पार्टिशनचा तक्ता असेल अन् हार्डडिस्कवरच्या त्या जुन्या तुकड्याला तो वाचता येत नसेल. अशा वेळी रेस्क्यूशी झटापट करण्यात अर्थ नाही. मिंटचा पेनड्राइव्ह लाव, लाइव्हमध्ये ये, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच मिंट चालव. मेनूत ॲडमिनिस्ट्रेशनखाली बूट रिपेअर नावाचं टूल आहे, ते चालव. मला स्वतःला हातानं पार्टिशन जोडून (माउंट), त्या सिस्टीमच्या आत शिरून (सीएचरूट) ग्रब बसवायला आवडतं, कारण काय चाललंय ते दिसतं. त्याच्या ओळीही कागदाच्या मागच्या बाजूला आहेत. पण तुला आधी मशीन चालू करायचंय, शिकणं मागाहून.

पेनड्राइव्ह लावताना मात्र डोळे उघडे ठेव. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, एकदा यूईएफआय असं नाव लागून अन् एकदा त्याशिवाय. तुझं विंडोज लेगसीवर आहे, म्हणून नाव नसलेला निवड. एक ओएस लेगसीत अन् दुसरी यूईएफआयमध्ये बसली की दोन्ही आपापल्या जागी चांगल्या असूनही ग्रबच्या मेनूतून एकमेकीकडं जाता येत नाही. लोक यापायीच रात्र रात्र घालवतात.

जिंतूरच्या भाच्याचं प्रकरण तुला माहीत नसेल. त्याचा लॅपटॉप नवा. लाइनक्स टाकायला बसला तर इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह सोडून दुसरी डिस्कच दिसेना. तोही म्हणायला लागला, एसएसडी खराब. खराब काही नव्हती. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, आरएसटी अन् एएचसीआय; बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर होतं, ते एएचसीआयवर आणलं की डिस्क दिसते. फक्त तो मोड थेट बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर मरतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं अन् मग सेफ मोड काढून टाकायचा. त्याच्याही आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवायची, नाहीतर आगीतून फुफाट्यात. पुढं त्याच लॅपटॉपला एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डामुळं नुसती काळी स्क्रीन आली. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबून ‘लाइनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहिलं अन् एफ१० दाबलं, चित्र आलं. ड्रायव्हर नंतर घातला. तुझ्या मशीनला हे दोन्ही लागणार नाही.

तुला खरं लागणार आहे ते लाइटीचं. औष्णिक केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, पण अवकाळीचं वारं सुटलं की तुमच्याकडं लाइट गेलीच म्हणून समज. चालू मशीन धाडकन बंद झालं की लिहिणं अर्धवट राहतं. ईएक्सटी४ ला (मिंटच्या फाइली मांडायच्या पद्धतीला) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही असते, त्यामुळं बहुतेक वेळा पुढच्या बूटला तो आपला आपण सावरतो. कधीतरी नाही सावरत. मग डेस्कटॉपच्या जागी काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएसचा कंस येतो अन् त्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके हातानं चालवा. त्याच ओळीत पार्टिशनचं नावही असतं. ते बघून एफएससीके (फाइलव्यवस्था तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालव. ‘वाय’चा पर्याय दिला की दर प्रश्नाला हो म्हणत बसावं लागत नाही. भराभर ओळी पळतील, आयनोड, ब्लॉक काउंट, कुठं ‘क्लिअर्ड’, कुठं ‘फिक्स्ड’. संपलं की ‘एक्झिट’ किंवा रीबूट. लाइट न जाताही हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, तर मात्र डिस्ककडं संशयानं बघ. आधी साटाची (डिस्क बोर्डाला जोडणारी) केबल काढून परत घट्ट बसव, मग स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट काढ. अन् यूपीएसची बॅटरी बदल राव, ती नुसती शोभेला ठेवलीयस.

पुढं कधी ती जुनी हार्डडिस्क काढून टाकलीस तर एक लक्षात असू दे. मिंटला ती आपोआप जोडायला लावली असशील तर एफएसटॅब नावाच्या फाइलीत तिची ओळ राहते. डिस्क नाही, ओळ आहे, मग बूट होताना मशीन दीड मिनिट तिची वाट बघत बसतं अन् शेवटी इमर्जन्सी मोड. ती ओळ काढ किंवा तिच्यात ‘नोफेल’ घाल, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन पुढं जातं. बस्स.

घड्याळ साडेपाच तास मागं-पुढं दिसायला लागलं तर दुकानात जाऊ नको. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ धरतं, लाइनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. एका कमांडीनं जुळतं. तारीखच चार-दहा वर्षं मागं गेली तर ती मात्र बोर्डावरची सीआर२०३२ ची बॅटरी. तारीख चुकली की वेबसाइटींची प्रमाणपत्रं नापास होतात अन् माणूस इंटरनेटला शिव्या घालतो.

विंडोजमधल्या फोटोंची अन् सातबाऱ्याच्या स्कॅनची काळजी करू नको. तू उडवलेलं पार्टिशन लाइनक्सचं होतं, विंडोजचं जागच्या जागी आहे. मिंटमधून ते नुसतं वाचायलाच उघडलं, लिहू देईना, तर विंडोजचा फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपून राहायची सोय) चालू आहे म्हणून समज. तो बंद कर. त्या विंडोज १० वर बँकेचं काम मात्र करू नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, अन् विंडोज ११ तुझ्या आय-थ्रीला दारातच अडवतं: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, अन् इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणूनच तुझ्या गळी मिंट उतरवलं होतं.

मशीन उभं राहिलं की पोरीला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून दे. अकरावीच्या नोट्स ती मराठीतच काढते ना? हरभरा कसा उगवला ते कळव. काकूंना नमस्कार, वहिनींनाही. पुढच्या आठवड्यात इकडं येशील तेव्हा एक मोकळा पेनड्राइव्ह घेऊन ये. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम ठेवू देणारं टूल) टाकून मिंटसोबत आणखी एक-दोन डिस्ट्रो, म्हणजे लाइनक्सचे प्रकार, त्यावर भरून देतो. तीन-तीन जीबीची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) तुझ्या त्या हॉटस्पॉटवर उतरवत बसू नको. अर्धवट उतरलेल्या फाइलीचा चेकसम (फाइल शाबूत आहे का ते दाखवणारा आकडा) जुळत नाही अन् इन्स्टॉल मधीच लटकतं.

तुझा,
बाळू