जयकर ग्रंथालयातील माझ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

पुणे विद्यापीठात शिकत असताना कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा व शिका’ योजनेतून मी जयकर ग्रंथालयात आपल्या हाताखाली काम केले. आज एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना त्या दिवसांचे ऋण जाहीरपणे मान्य करावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भूगोलात एम.ए. करायचे आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करायची, असे गावाहून निघतानाच घरी ठरले होते. गावी तलाठी, फौजदार आणि शिक्षक यांपलीकडची पदवीधरांची कामे फारशी डोळ्यांसमोर नसतात, त्यामुळे पुण्यात येणाऱ्या अनेकांचे असेच ठरलेले असते. योजनेच्या मानधनातून मेसचा खर्च भागावा, एवढ्याच अपेक्षेने मी ग्रंथालयात आलो.

परत आलेली पुस्तके रॅकवर लावताना वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक, दशांशचिन्हापुढे शेवटपर्यंत वाचायला आपण शिकवलेत. ड्यूई वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि हिंदी साहित्य ८९१.४३, एका आकड्याची गफलत झाली, की पुस्तक ग्रंथालयात असूनही वाचकाच्या लेखी हरवलेले असते. भलत्याच रांगेत गेलेला एक जुना ग्रंथ आपण शोधून काढलात आणि तो मागणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीला नेऊन देण्यास मला सांगितलेत. तिने उभ्या उभ्याच अनुक्रमणिका चाळून वहीत पृष्ठांक उतरवायला सुरुवात केली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र पुढे अभ्यासक्रमात आले, तेव्हा मला ते नवे वाटले नाही.

ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा रखडणारी पदभरती, कंत्राटी नेमणुका आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट हे सारे आपण आधी स्पष्ट सांगितलेत, आणि तरीही माझा विचार कायम राहिल्यावर वडिलांशी फोनवर स्वतः बोललात. करिअर मार्गदर्शनाची व्याख्याने मीही ऐकली आहेत. परंतु व्यवसायाची अवघड बाजू तो व्यवसाय करणाऱ्या माणसाकडून कळल्याखेरीज विद्यार्थ्याने निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आपल्यामुळेच झाले.

आमच्याकडेही आता या योजनेतील विद्यार्थी येतात. धूळ झटकून झाली, की मी त्यांना वाचकांच्या चौकशीच्या टेबलावर बसवतो. सवड काढून आपण एकदा त्यांच्याशी बोलायला यावे, ही नम्र विनंती.

आपला विद्यार्थी